एका घासाचे शब्द

मास्तर, तुमच्या खोलीतले दोन डबे अजून तसेच आहेत. परवा चाचींनी खोली झाडायला काढली. तुमच्यामागं घरात बसून पाळायचे त्यांचे इद्दतीचे दिवस चालू आहेत, म्हणून मी उंबऱ्याबाहेरच उभा होतो. त्यांनी कोनाड्यातून डबे खाली घेतले, पदरानं पुसले, झाकणं उघडून आत पाहिलं. दोन्हीत चिंचोके.

"ह्यांचं काय करू रे, रंगा?"

"राहू द्या, चाची."

"एवढा शिकलेला मानूस चिंचोके कशाला जपत हुता, मला कवा समजलं न्हाई. इचारलं तर म्हनायचे, रंगासंगं भांडायला लागतात."

खरंच होतं ते. आता भांडायला समोर कोणी नाही म्हणून कागद घेऊन बसलो आहे.

गेलेल्या माणसाशी बोलताना आमच्याकडे बायका एकेरीवर येतात. जन्मभर ज्याच्यासमोर मान वर केली नाही, त्या सासऱ्यालाही 'कुठं गेलास रं' म्हणून रडतात. कबरस्तानात मूठभर माती टाकताना माझ्याही ओठावर ते आलं होतं. 'तू' हा तर तुमचा लाडका शब्द. मराठीत तू, हिंदीत तू, फारशीत त्याच्याच जवळचा, आणि इंग्रजांच्या जुन्या पुस्तकांतही त्याचा एक भाऊ बसलेला. "देवाला आणि पोराला एकच शब्द पुरतो बघ," असं तुम्ही म्हणायचात. पण मला ते जमलं नाही. शाळेत पहिल्या दिवशी तुम्हाला 'तुम्ही' म्हटलं, ते आता बदलणार नाही.

ज्यांनी आपले डबे पाहिले नाहीत त्यांच्यासाठी थोडं सांगायला हवं. मी आठवीत शिरूरच्या शाळेत होतो आणि तुम्ही आम्हाला मराठी शिकवायला आलात. तांबोळी मास्तर मराठी शिकवणार म्हणून गावात काही लोक हसले होते, ते तुम्हाला माहीत होतं. पहिल्याच तासाला तुम्ही फळ्यावर एकाखाली एक तीन शब्द लिहिलेत. नाव. नाम. तिसरा इंग्रजी, नेम. मग विचारलंत, "हे तिघं एकमेकांचे कोण?"

मागच्या बाकावरून एकजण म्हणाला, "शेजारी असतील, सर."

"शेजारी नाहीत. चुलतभाऊ. फार जुन्या काळी घर वाटलं गेलं, तेव्हा वेगळे झाले."

मी मांडवगण फराट्याचा. आमच्या घरात तोवर पुस्तक म्हणून काही आलं नव्हतं. माझी आई संध्याकाळी गोठ्यापाशी उभी राहून माझं नाव घेऊन हाक मारायची. त्या 'नाव' शब्दाचा भाऊ साहेबाच्या तोंडात आहे, हे ऐकून मी दिवसभर ते तीन शब्द वहीत गिरवत राहिलो. त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं, की आपणही गावाबाहेर कुठं तरी ओळखीचे निघू.

मोठे शब्द तुम्हाला आवडत नसत. "मोठे शब्द पंडित लोक बनवतात. छोटे शब्द तोंड बनवतं," असं तुम्ही म्हणायचात. एका घासाबरोबर तोंडात मावतील असेच शब्द तुम्ही जमवायचात आणि त्यांना 'एका घासाचे शब्द' हेच नाव दिलं होतंत. दोन भाषांतले असे दोन शब्द खरोखर एका कुळातले ठरले किंवा एकानं दुसऱ्याकडून घेतले असं सिद्ध झालं, तर एक चिंचोका एका डब्यात. तो सोयऱ्यांचा डबा. नुसते दिसायला सारखे निघाले तर दुसऱ्या डब्यात. तो तोतयांचा. आमचं 'तूप' कानडी मुलखातून आलं, सोयऱ्यांत गेलं. 'अक्का' सोयऱ्यांत गेली. दौंडच्या रेल्वे चाळीतल्या गोव्याच्या बेकरीवाल्यानं 'पाव' आणि 'चावी' आपली म्हणून सांगितली, त्यांना लगेच सोयऱ्यांत जागा मिळाली. सोयऱ्यांचा डबा भरत आला की तुमचा चेहरा पाहण्यासारखा व्हायचा. लग्नघरातल्या यजमानासारखा.

मी अकरावी झालो तेव्हा तुम्ही मांडवगणला आमच्या घरी आला होतात. एसटीतून उतरून उन्हातून चालत. माझे वडील, त्यांना आम्ही आप्पा म्हणतो, गोठ्याकडेला बाजेवर बसले होते. त्यांनी तुम्हाला पाणी दिलं आणि तुम्ही न बसताच विषय काढलात.

"पोरगं पुण्याला कॉलेजात धाडा, आप्पा."

"आमच्यात कुनाला वाचाया येतंय, मास्तर? शिकून हे आमालाच वळखायचं न्हाई."

"नाही ओळखलं तर मी कान धरून आणीन."

"तुमी तरी कितींदा येनार कान धराया?"

"जितक्यांदा भाकरी द्याल तितक्यांदा."

आप्पा हसले नाहीत. त्यांनी तंबाखू मळली, तोंडात टाकली आणि बराच वेळ बैलांकडे पाहत राहिले. मग माझ्याकडे न बघताच म्हणाले, "जा." एवढंच. आईनं आत तव्यावर भाकरी टाकली आणि तुम्ही चपला काढून बसलात.

पुण्याला मी मराठी घेऊन बी.ए. झालो, आमच्या घरातला पहिला. तिथं भाषेचा इतिहास शिकवणारे एक प्राध्यापक होते. त्यांच्याकडून मी जे शिकलो, ते घेऊन सुट्टीत तुमच्याकडे यायचो. तोवर तुम्ही दौंडच्या शाळेत आला होतात. मी पहिला हात घातला तो तुमच्या सोयऱ्यांच्या डब्यातच.

"मास्तर, 'अब्बा' आणि 'आप्पा' काढा त्यातून. ते तोतये आहेत."

तुम्ही चष्मा काढलात. "का?"

मी सांगितलं, की कुठल्याही मुलखातलं तान्हं पोर आधी ओठ मिटून उघडतं. त्यातून प, ब, म निघतात. पोर नुसतं तोंड हलवत असतं, पण आईबापांना वाटतं, आपल्यालाच हाक मारली. प्रत्येक घरानं तो आवाज आपापल्यापुरता उचलला. म्हणून सगळीकडे सारखा दिसतो. एक असाही डोंगरी मुलूख आहे, जिथं बापाला 'मामा' म्हणतात. त्यात नातं काही नाही, फक्त ओठ सारखे.

तुम्ही चष्मा परत लावलात. "म्हणजे माझ्या घरातला अब्बा आणि तुझ्या घरातला आप्पा एकमेकांचे कोणी नाहीत म्हणतोस."

"शास्त्र तसं म्हणतं."

"बरं. मग ओठ तर सोयरे झाले की नाही?"

चिंचोका तुम्ही तोतयांच्या डब्यात टाकलात. पुढच्या सुट्टीत मी आलो तर तो परत सोयऱ्यांत. कुणी हलवला विचारलं, तर म्हणालात उंदरानं. खरं तर अनेकदा तुमचं चुकायचं. आवाज सारखा दिसला की तुम्ही नातं जोडून मोकळे. तुमच्या त्या चुका सुधारत मी पदवीधर झालो असं म्हटलं तरी चालेल. पण वेगळ्या घरातले दोन शब्द एकमेकांचे निघावेत, अशी इच्छा मला त्या प्राध्यापकांच्या तोंडावर कधी दिसली नाही. ती तुमच्या तोंडावर दिसायची.

मग मी दौंडच्याच शाळेत तुमच्या शेजारच्या वर्गावर आलो आणि आपला रविवार सुरू झाला. दुपारी आपण स्टेशनवर जायचो. मद्रासची गाडी इथं थांबते, मनमाडकडची इथून सुटते, इंजिन बदलतं, पाणी भरतं. तोवर फलाटावर चहाच्या गाड्याजवळ उभं राहायचं आणि खिडकीतल्या माणसांशी बोलायचं. लोकांना आपण पोलिसांतले वाटायचो. एका तेलगू बाईनं तुम्हाला विचारलं होतं, जनगणना चालली आहे का म्हणून.

तिथंच तो वाद सुरू झाला. माणसाच्या तोंडात पहिला शब्द कोणता आला? मी म्हणायचो, 'मा'. तुम्ही म्हणायचात, 'ना'.

त्या दिवशी मद्रासच्या गाडीत एक पोर रडत होतं. अम्मा, अम्मा. मी तुम्हाला कोपरानं ढोसलं. "ऐका. माझा शब्द कुठल्याही गाडीत बसतो. तुमचा 'ना' सोलापूर ओलांडलं की गप्प होतो. तिकडं 'इल्ला' म्हणतात."

"आणि तुझ्या घरात आईला 'मा' कोण म्हणतं रे? तू तर 'आय' म्हणतोस."

"वऱ्हाडात माय म्हणतात."

"वऱ्हाड दौंडापासून लांब आहे."

तेवढ्यात त्या बाईनं पोराच्या तोंडाशी केळं धरलं. पोरानं मान फिरवली. तिनं दुसऱ्या बाजूनं धरलं, त्यानं परत मान फिरवली. तुम्ही माझा दंड घट्ट धरलात. "बघ, बघ. शब्द यायच्या आधी ही मान आली. पोट भरलं की पोर अंगावरून तोंड फिरवतं, तोच पहिला 'ना'. बाकीची भाषा त्याच्या मागून आली."

"त्याआधी भूक लागते, मास्तर. त्याआधी हाक मारावी लागते."

"हाक जनावरंही मारतात. नकार देणारा तो माणूस."

गाडी सुटली. वाद राहिला. त्या वादासाठी तुम्ही एक चिंचोका वेगळा काढलात आणि दोन्ही डब्यांच्या बाहेर कोनाड्यात ठेवलात. ज्याचं खरं ठरेल, त्यानं तो आपल्या हातानं सोयऱ्यांच्या डब्यात टाकायचा. तो अजून तिथंच आहे.

तुम्हाला 'ना' एवढा का प्रिय होता, हे समजायला मला वेळ लागला. कारण तुम्ही स्वतः तो कधी वापरत नव्हतात. नवं राज्य झालं तेव्हा शाळेत एक पाहुणे बोलायला आले होते. मराठीतून फारशी शब्द वेचून बाहेर काढा, असं ते सांगत होते आणि तुम्ही पहिल्या रांगेत बसून मान हलवत होतात. हो, हो. नंतर शिक्षकांच्या खोलीत हळूच म्हणालात, "कागद, शाई, दौत, खुर्ची. हे चार काढले तर मी वर्गात काय घेऊन उभा राहू?" सगळे हसले. पण पाहुण्यांसमोर तुम्ही हो म्हटलं होतंत. मुख्याध्यापकांना हो, शाळेच्या कमिटीला हो, ज्याला वर्गणी हवी त्याला हो. आणि शिरूरच्या थोरल्या भावाला, हसनभाईंना, तर प्रश्न विचारायच्या आधीच हो. बापामागं त्यांनी तुम्हाला वाढवलं. शिरूरच्या बाजारात तंबाखूच्या दुकानात स्वतः बसले आणि तुम्हाला शाळेत बसवलं. त्यांच्यासमोर तुम्ही पाय पसरून बसलेले मी कधी पाहिले नाहीत.

म्हणूनच तो प्रश्न मी तुम्हाला एकदाच विचारला. तुमची जुबेदा शाळेत पहिली आली होती, येत्या मार्चात एस.एस.सी.ला बसणार होती. तिला पुण्याला कॉलेजात जायचं होतं. हसनभाईंना ते मान्य नव्हतं. शिरूरला एक स्थळ त्यांनी बघून ठेवलं होतं.

"मास्तर, जुबेदाला पाठवायचं की नाही?"

तुम्ही कपातला चहा बशीत ओतला, बशीतला कपात ओतला. म्हणालात, "बघू."

माझ्यासाठी तुम्ही उन्हातून मांडवगणपर्यंत चालत आला होतात. गावोगावच्या कितीतरी पोरांसाठी चालत गेलात. आणि स्वतःच्या पोरीसाठी 'बघू'. मला राग आला होता, आणि तो मी तुम्हाला बोलून दाखवणार होतो. एखाद्या रविवारी, फलाटावर, गाडीच्या आवाजात. तो रविवार आलाच नाही.

उन्हाळ्याच्या सुट्टीच्या जरा आधी वर्गात तुमच्या हातातून खडू पडला आणि तुम्ही तो उचलायला वाकलात ते वर आलाच नाहीत. उजवं अंग गेलं. वाचा गेली. डॉक्टर चाचींना आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, अशा झटक्यात कधी कधी एखादाच शब्द मागं राहतो. पेशंट सगळ्याला तोच बोलतो. त्याचा अर्थ लावत बसू नका, ते पेशंटचं मत नसतं.

तुमच्याजवळ 'ना' राहिला.

पाणी देऊ का? ना. आणि पाणी पिऊन टाकायचात. उशी नीट करू? ना. आणि उशी नीट केली की डोळे मिटायचात. जुबेदा आत आली की तिच्याकडे बघून ना. अजान झाली की ना. जन्मभर न वापरलेले सगळे 'ना' कुणीतरी एकदम तुमच्या पदरात टाकले होते. मी पहिल्या दिवशी बाहेर अंगणात येऊन भिंतीशी उभा राहिलो. शब्दांसाठी अख्खं आयुष्य स्टेशनवर काढलेल्या माणसाला एकच मिळाला होता.

पण दुसऱ्या आठवड्यात एक झालं. मी डबा हलवून तुमच्या कानाशी वाजवला. चिंचोके खुळखुळले आणि तुमचा डावा डोळा माझ्यावर आला. मी म्हटलं, "मास्तर, तुमचा 'ना' सोलापूर ओलांडलं की गप्प होतो." आणि तुम्ही उत्तर दिलंत. ना, ना ना, मग थांबून, खालच्या पट्टीत एक लांब ना, आणि शेवटी टोमणा मारल्यासारखा वर चढलेला ना. तुमचं पूर्ण वाक्य होतं ते. जिथं तुम्ही श्वास घ्यायचात तिथं श्वास, जिथं बोट नाचवायचात तिथं बोट. मी पुढचा मुद्दा मांडला, तुम्ही खोडलात. चाची दारात येऊन उभ्या राहिल्या आणि तोंडाला पदर लावला. हसत होत्या की रडत होत्या, कळलं नाही. त्यानंतर मी रोज संध्याकाळी येऊन तुमच्याशी भांडत होतो. मी काय बोललो ते आठवतं. तुम्ही काय बोललात ते कधीच कळणार नाही, आणि ते तुमचे सगळ्यात चांगले मुद्दे होते असं मला वाटत राहतं.

हसनभाई आले तो दिवसही तुम्ही पाहिलात. तुमच्या उशाशी बसून त्यांनी तुमचा निकामी हात आपल्या मांडीवर घेतला. बराच वेळ तो चोळत बसले. मग मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "भाई, पोरीला पुन्याला धाडायची का?"

"ना."

हसनभाईंनी आमच्याकडे पाहिलं. "ऐकलंत?"

मी चहाचा कप पुढं केला. "मास्तर, चहा घ्यायचा?"

"ना," म्हणालात आणि तोंड पुढं केलंत. मी पाजला. शेवटच्या घोटापर्यंत प्यालात.

"चहाचं सोड, रंगा मास्तर," हसनभाई म्हणाले. "तू शिकलेला, तुला समद्यातनं वाट काढाया येती. पन मरनाच्या दारातल्या मानसाच्या तोंडात अल्ला खोटा शब्द ठेवत न्हाई."

मला उलटा प्रश्न विचारता आला असता. जुबेदानं शिकू नये ना, असं विचारलं असतं तर तुम्ही तेच उत्तर दिलं असतंत आणि मी जिंकलो असतो. पण तुमच्या तोंडाचा असा खेळ मला करवेना. हसनभाईंच्या डोळ्यांत पाणी होतं. "ह्याला शिकवला," ते म्हणाले, "तर हा दौंडाला आला. घर रिकामं झालं. पोरीला शिकवली तर ती पुन्याची हुईल. मंग घरात ऱ्हायचं कुनी?" मांडवगणला माझे आप्पा एकटेच बाजेवर बसलेले असतात.

त्या दिवशी अंगणात जुबेदानं मला गाठलं. "सर, अब्बा बरे होते तेव्हा तुम्हाला काय म्हणाले होते?"

खोटं बोलणं सोपं होतं. तुमच्या नावावर एक 'हो' खपवता आला असता. मी म्हटलं, "बघू म्हणाले होते."

ती ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. "मला पण बघूच म्हणाले," ती म्हणाली आणि आत गेली.

मे महिन्यात तुम्ही गेलात. शेवटचा शब्दही तोच, आणि तो कशाबद्दल होता हे चाचींनाही सांगता आलं नाही. माती झाल्यावर हसनभाईंनी सांगितलं, चाळिसावा दिवस झाला की शिरूरच्या स्थळाचं पक्कं करू. भाईचा शब्द समद्यांनी ऐकलाय. चाची पडद्याआड इद्दतीत बसल्या होत्या. उंबऱ्याबाहेर येणार नव्हत्या, आणि नवऱ्याच्या थोरल्या भावासमोर तर त्यांनी लग्न झाल्यापासून आवाज काढलेला नव्हता. त्यामुळे हसनभाईंच्या दृष्टीनं विषय तिथं मिटला.

तरी जुबेदाचा निकाल लागल्यावर मी पुण्याला जाऊन आलो. मुलींच्या वसतिगृहात एक जागा बोलून ठेवली. कुणाच्या सांगण्यावरून गेलो, असं विचाराल तर कुणाच्याच नाही. चाचींना येऊन तेवढं सांगितलं. त्या पडद्यामागून म्हणाल्या, "कवा जायाचं असतंय?" मी दिवस सांगितला.

त्या दिवशी सकाळी मी आणि माझी बायको तुमच्या दारात टांगा घेऊन आलो. तिला जुबेदाबरोबर पुण्यापर्यंत जायचं होतं. जुबेदा पुढच्या खोलीत लोखंडी पेटीवर बसली होती. उठतही नव्हती, पेटी उघडतही नव्हती. आणि शिरूरच्या पहिल्या एसटीनं हसनभाई आले. त्यांना कुणी कळवलं होतं, मला माहीत नाही. त्यांनी टोपी काढली, घाम पुसला, पेटीकडं पाहिलं.

"भाईचा शब्द मोडून भायेर पडायचं ठरलं म्हना की."

मी डॉक्टरांचं सांगायला लागलो. झटका, मेंदू, मागं राहिलेला शब्द. माझंच मला पुस्तकी वाटत होतं. हसनभाई ऐकतही नव्हते. ते तुमच्या रिकाम्या बाजेकडे बघत होते.

तेवढ्यात पडदा हलला. चाची आतल्या उंबऱ्याशी येऊन उभ्या राहिल्या होत्या. पदर कपाळाखाली ओढलेला. मला आधी वाटलं, जुबेदाला आत बोलवायला आल्या.

"भाईजान," त्या म्हणाल्या. घरात तुम्ही जी बोलायचात त्या दखनीत. "वो 'ना'च बोलते थे. मैं बी सुनी. निवाला खिलाते वखत सुनी, तकिया बदलते वखत सुनी. जितना मैं सुनी, उतना कोई नै सुन्या."

हसनभाई उभे होते तसेच राहिले. त्यांनी हा आवाज इतक्या वर्षांत पहिल्यांदाच ऐकला होता.

"उनका बोल उनके संगात गया," चाची म्हणाल्या. "अब घर में मैं हूं."

मग त्यांनी जुबेदाकडं तोंड केलं. जवळ गेल्या नाहीत, डोक्यावर हात ठेवला नाही. तो उंबरा त्यांना ओलांडायचा नव्हता.

"जा," त्या म्हणाल्या.

जुबेदा उठली. माझ्या बायकोनं पेटीची एक कडी धरली, तिनं दुसरी. हसनभाई बाजूला झाले. टांगा वळला तेव्हा ते तुमच्या बाजेच्या कडेवर टेकले होते आणि टोपी हातात फिरवत होते. पुढच्या एसटीनं ते शिरूरला परत गेले. चाळिसाव्याला येतील की नाही, कुणालाच ठाऊक नाही. चाची रोज विचारतात, काही निरोप आहे का. नाही म्हणून सांगतो.

हे बरोबर झालं की नाही, हे तुम्हाला विचारायचं होतं. तुम्ही काय म्हणाला असतात, हे मला आजही ठाऊक नाही, आणि आता ठाऊक होणार नाही. बरे असतात तर कदाचित 'बघू'च म्हणाला असतात. भावाचं तोंड बघून गप्प बसला असतात आणि फलाटावर येऊन मला 'ना' शब्दाची थोरवी सांगितली असतीत. मी तुम्हाला फार ओळखत होतो, मास्तर. म्हणून दुःखात ही एक तक्रारही आहे. ती मी कुणाजवळ करू?

परवा खोली झाडून झाली तशी चाचींनी डबे परत कोनाड्यात ठेवले. बाहेरचा एकटा चिंचोका उचलून विचारलं, "हा कुठल्या डब्यातला?" मी म्हटलं, त्याचं अजून ठरलं नाही, आहे तिथंच राहू द्या. त्यांनी तो जागच्या जागी ठेवला.

घरी येताना मी चाचींनी जुबेदाला दिलेला तो 'जा' मनात घोळवत होतो. बोलणं दखनीत चाललं होतं, पण मी तो मराठीत ऐकला. त्या कोणत्या भाषेत बोलल्या, मला सांगता येणार नाही. मांडवगणला बैलांकडे बघत आप्पांनी मला हाच दिला होता आणि तेव्हा तुम्ही शेजारी उभे होतात. एवढी वर्षं आपण फलाटावर उभं राहून 'मा' आणि 'ना' करत राहिलो, आणि समोरून गाड्या जात होत्या.

मास्तर, हा शब्द आपण एकाही डब्यात कधी टाकला नाही.